बहिऱ्यांच्या शाळेसाठी फटफट्या

बाई,

तुम्ही कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नव्हता, आणि त्या काळात मला त्याचा रागच यायचा. मदत घेऊन येणारा माणूस फाटकातून आत आला, की आम्ही शिक्षिका पदर सावरून हसत पुढे व्हायचो. तुम्ही मात्र ऑफिसच्या दारात उभं राहून त्याच्या चपलांपासून टोपीपर्यंत नजर फिरवायचात. तांदळाचं पोतं आलं तर वरचा थर बाजूला करून हात कोपरापर्यंत आत घालायचात आणि मधली मूठ काढून वास घ्यायचात. एकदा कुणीतरी वडिलांच्या श्राद्धाची केळी पाठवली होती, सालं काळी पडलेली. ती तुम्ही आल्या टांग्यातून परत धाडलीत. टांगेवाल्याला म्हणालात, "सांग त्यांना, आमची पोरं बहिरी हायत, वास येतो त्यांना." मुलांसमोर तुम्ही एकेक शब्द ओठ मोकळे करून, पुस्तकातल्यासारखा शुद्ध बोलायचात, कारण ती तुमच्या ओठांवरूनच भाषा शिकत होती. एरवी, आणि देणगीदारांसमोर तर हमखास, तुमच्या गावची, गडमुडशिंगीची बोली यायची. मी तेव्हा नुकतीच लागले होते, पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आलेली, आणि मला वाटायचं की आपल्या बाईंना माणसं जोडता येत नाहीत.

तो कारखानदार पहिल्यांदा आला तो दिवस मला अजून दिसतो. दुपारची सुट्टी आहे, मुलं अंगणात आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी फटफट असा मोठा आवाज होतो. मुलांपैकी एकही मान वळवत नाही. संस्थानी काळातली फटफटी, तिला बाजूला बसायचा पाळणा जोडलेला, पितळ घासूनपुसून लख्ख केलेलं. उद्यमनगरात त्याची लोखंड ओतायची भट्टी होती. अंगावर खाकी शर्ट, बोटांना काळं, पण बोलणं मऊ. तो म्हणाला, त्याच्यासारखे काही लोक जुन्या फटफट्या गोळा करतात. एक डॉक्टर आहेत, एक गुळाचे व्यापारी आहेत, एक लष्करातून निवृत्त झालेले आहेत. काही गाड्या संस्थानातल्या, काही महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात घेतलेल्या. दसरा चौकाच्या मैदानावर त्यांचं प्रदर्शन भरवायचं, तिकीट लावायचं, आणि जे जमेल त्यातून आपल्या शाळेला कानाची यंत्रं घेऊन द्यायची. एका वर्गातली सगळी मुलं एकाच वेळी कानाला लावून बसू शकतील अशी यंत्रं. ज्यांना थोडंफार ऐकू येतं त्यांना त्यातून माणसाचा आवाज पोचतो. तशी मी फक्त पुण्याला पाहिली होती. मी आभार मानायला लागले आणि थांबेनाच.

तुम्ही त्याला चहा दिलात आणि म्हणालात, "पावणं, एक इचारू? गावात अनाथाश्रम हाय, आंधळ्यांची शाळा हाय. आमच्याकडंच कसं आलासा?"

तो म्हणाला, मुलं आवडतात मला. हे म्हणताना तो तुमच्याकडे पाहत नव्हता, टेबलावरच्या आरशाकडे पाहत होता. आपण मुलांना ओठांची ठेवण दाखवायला वापरायचो तो आरसा. तो गेल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत आणि दार लोटून घेतलंत. "इतक्यांदा आभार मानू नकोस. तू जितकं वाकतेस, तितकी पोरं त्यांना स्टेजवर पाहिजे होतात." मला रडू आलं. मी मनात म्हणाले, ह्या बाईंना चांगलं काही दिसतच नाही.

पुढचे काही आठवडे तुम्ही त्याच्या मागेच लागलात. बाजारात, बँकेत, पालकांच्या सभेत, जो भेटेल त्याला विचारायचात. कुणी सांगितलं की तो नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार आहे. झालं, तुमची खात्री पटली. मला घेऊन तुम्ही न कळवता त्याच्या कारखान्यात गेलात. भट्टी पेटलेली होती, कानठळ्या बसत होत्या, आणि त्या आवाजात तुम्ही त्याला अटी सांगितल्यात. एकही मूल व्यासपीठावर येणार नाही. कुणाच्या हातात हार देणार नाही, कुणाचा फोटो निघणार नाही. निवडणुकीच्या भाषणात शाळेचं नाव येणार नाही. तो प्रत्येक अटीला मान हलवत गेला. निवडणुकीचं ऐकून तर हसलाच, म्हणाला, मला चारचौघांत बोलताच येत नाही, मी कसला उभा राहतोय. बाहेर आल्यावर मी म्हटलं, बघा, सगळं कबूल केलं त्यांनी. रस्ता ओलांडल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणूनच. एवढं सगळं गपगुमान कबूल करतोय, म्हंजे ह्याचं दुखणं येगळंच कायतरी हाय."

प्रदर्शनाला सगळं कोल्हापूर लोटलं होतं. मैदानावर फळ्या ठोकून लांबलचक ओटा केला होता आणि त्यावर गाड्या मांडल्या होत्या. एकीला साखळीच्या जागी चामड्याचा पट्टा होता, एकीच्या दिव्यात कार्बाइड घालावं लागायचं, एकीवर लष्कराचा हिरवा रंग तसाच होता. मालक फेटे, हॅट घालून आपापल्या गाडीशेजारी नवरदेवासारखे उभे. आपली मुलं रांगेत, तेल लावून चापून भांग पाडलेली, हातात सरबताचे पेले. तुम्ही रांगेच्या शेवटी छत्री टेकून उभ्या, जणू कुणीतरी आत्ता येऊन एखादं मूल उचलून नेणार आहे.

आणि तसंच झालं. पाहुणे आले, भाषण झालं, आणि ध्वनिक्षेपकावरून निवेदक म्हणाला की आता ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ती मुकी बाळं पाहुण्यांच्या हस्ते खाऊ घ्यायला वर येतील. टाळ्या सुरू झाल्या. तुम्ही मुलांना हातानं जागच्या जागी थांबायला सांगितलंत, एकट्याच व्यासपीठाच्या पायऱ्या चढलात आणि निवेदकाच्या कानाशी काहीतरी बोललात. काय बोललात ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. त्यानं घाईघाईनं जाहीर केलं की मुलं आता गाड्या पाहणार आहेत. पाहुणे खाऊची परडी धरून तसेच उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारखानदार खाली गर्दीत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट सुटल्यासारखा दिसला तो मला, आणि तेही मला विचित्रच वाटलं.

मग डॉक्टरांनी आपली गाडी सुरू केली. लोकांनी कानांवर हात ठेवले. आपल्या शाळेतली सगळ्यात धाकटी मुलगी, चंदगडकडची, रांग सोडून ओट्यावर चढली आणि तिनं सरळ गाडीच्या टाकीवर तळवा ठेवला. आपण तिला तसंच शिकवलं होतं ना. बोलणाऱ्याच्या गळ्यावर हात ठेवायचा, आतली थरथर ओळखायची, आणि मग आपल्या गळ्यातून तशीच काढून बघायची. तिनं एक हात टाकीवर ठेवला, दुसरा स्वतःच्या गळ्यावर, आणि आवाज काढला. लांब, जाड, सरळ आवाज. वर्षभर फुगे आणि आरसे घेऊन मी जो काढू शकले नव्हते. मग सगळीच मुलं ओट्यावर. मालकांना आधी आपल्या पॉलिशची काळजी पडली होती, नंतर ते एकेक करून गाड्या सुरू करू लागले. मुलं या गाडीवरून त्या गाडीवर हात ठेवत हिंडत होती, एकमेकांना ओढून नेत होती, ही बघ, ही वेगळी आहे. त्यांनी तुम्हालाही ओढलं. तुम्ही छत्री काखेत मारून टाकीवर हात ठेवलात, आणि तुमचा चेहरा मी बघू नये म्हणून तोंड फिरवलंत.

त्या गडबडीत चंदगडच्या त्या मुलीनं धुराच्या तापलेल्या नळीकडे हात नेला. आम्ही सगळे ओरडलो. मीसुद्धा ओरडले, बहिऱ्या मुलीला. कारखानदार मात्र ओरडला नाही. तो पलीकडे, तीनचार गाड्या सोडून उभा होता. त्यानं ओट्याच्या फळीवर दोनदा जोरात पाय आपटला. फळी हादरली तशी ती मागं वळली. त्यानं बोटाचं टोक ओठाला लावलं, फुंकर मारली आणि हात झटकला. तिनं हात मागं घेतला. हे सगळं घडून गेलं आणि लोक पुन्हा गाड्या बघायला लागले. मीही विसरले.

तुम्ही नाही विसरलात. दोनतीन दिवसांनी आपण स्वयंपाकघरात सुपात तांदूळ निवडत बसलो होतो. मी प्रदर्शनाचं कौतुक करत होते, यंत्रं मुंबईहून लवकरच येणार आहेत असं सांगत होते. तुमचं लक्ष खड्यांकडे होतं. मध्येच म्हणालात, "त्याच्या घरात कुणीतरी हाय."

मला कळेना. तुम्ही सूप खाली ठेवलंत. "पाय कोण आपटतंय, सांग? आपण आपटतो, आपल्याला कुणीतरी शिकवलंय. न्हायतर ज्यांच्या घरात असं लेकरू हाय ती माणसं आपटतात. आणि ते ओठाला बोट लावून फुंकायचं, ते आपण शिकवतो का? ते घरात चुलीपुढं शिकलेलं हाय." मी म्हटलं, योगायोग असेल बाई. तुम्ही म्हणालात, असेल, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता मला घेऊन त्याच्या घरी गेलात.

घर नवं होतं, दारात तुळस, ओसरीवर झोपाळा. त्याच्या बायकोनं चहा केला. थोरली मुलगी बशा घेऊन आली, लग्नाच्या वयाची, देखणी. तिच्यासाठी स्थळं बघणं चाललंय असं तिची आई कौतुकानं सांगत होती. तुम्ही चहा अर्धा प्यायलात आणि अगदी साध्या आवाजात विचारलंत, "आणि धाकटी कुठाय?"

तो एक अंदाज होता, हे मला नंतर कळलं. धाकटी की धाकटा, हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण त्या माउलीनं हातातली बशी खाली ठेवली आणि आतल्या दाराकडे पाहिलं. दारात तो उभा होता. मग तो आमच्यासमोर झोपाळ्यावर बसला आणि त्यानं सांगितलं. मुलगी आहे, नऊ वर्षांची, आजऱ्याला त्याच्या आईजवळ. जन्मतःच बहिरी. कोल्हापुरात सगळ्यांना त्यांनी सांगितलं होतं की दुसरं मूल जगलं नाही. थोरलीच्या लग्नात अडचण येईल, लोक म्हणतील रक्तातच काहीतरी आहे. दर रविवारी तो फटफटी काढून आजऱ्याला जायचा, तिला पाळण्यात बसवून काजूच्या बागांतून फिरवायचा आणि संध्याकाळी परत यायचा. शाळेला यंत्रं द्यायचं त्याच्या डोक्यात कुठून आलं ते तेव्हा मला कळलं. बायको पदर तोंडाला लावून रडत होती. मलाही भरून आलं होतं.

तुम्हाला आलं नव्हतं. निदान तसं दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, "यंत्रं आली की तुमच्याकडंच ठेवा, पावणं. पोरगी शाळेत आली की यंत्रं आत येतील."

त्यानं हात जोडले. म्हणाला, थोरलीचं होऊ द्या, एक वर्ष द्या मला, मग मी स्वतः आणून सोडतो. तुम्ही म्हणालात की जीभ वळायचं वय कुणासाठी थांबत नाही, आणि उठलात.

परत येताना मी तुमच्याशी भांडले. तुमच्याशी मी एवढं कधी बोलले नव्हते. म्हटलं, त्याच्या एका मुलीसाठी तुम्ही बाकीच्या सगळ्या मुलांचा कान अडवून धरताय. त्याला शिक्षा करायची म्हणून आमच्या मुलांना कशाला? तुम्ही चालत राहिलात. बिंदू चौकापाशी थांबून म्हणालात, "शिक्षा न्हाय. त्याचं सामान मी घेतलं की त्याचं मन हलकं होईल. हलकं झालं की पोरगी तिथंच राहील, जलमभर." मला ते पटलं नाही. मला वाटलं, तुम्हाला जिंकायचं आहे.

यंत्रांची खोकी आली आणि त्याच्या कारखान्यात पडून राहिली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी तुम्हाला बोलावून घेतलं, दारात आलेली मदत का नाकारता म्हणून विचारलं. तुम्ही खरं कारण सांगितलं नाहीत, कारण ते त्या मुलीचं गुपित होतं. तुम्ही फक्त म्हणालात, मला त्या माणसाचा भरवसा वाटत नाही. मग दुसरी मुख्याध्यापिका बघू, असं बोलणं कानावर यायला लागलं. एका सभेनंतर तुम्हाला ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसलेलं मी पाहिलं. मला बघून सरळ झालात आणि म्हणालात, वर्गात जा, मुलं एकटी आहेत.

हे सगळं कसं संपलं असतं देव जाणे. एका सकाळी प्रार्थनेच्या वेळी फाटकात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, डोक्यावर गाठोडं, हाताला मुलगी. एसटीनं आजऱ्याहून आली होती, स्टँडवरून चालत. मुलीच्या अंगावर नवं परकर-पोलकं, आणि डोळे असे भिरभिरणारे, की एकाच वेळी सगळं बघून घ्यायचंय. म्हातारीनं गाठोडं ओट्यावर टेकवलं. त्यात आजऱ्याकडचा वासाचा घनसाळ तांदूळ होता. तुम्ही सवयीनं त्यात हात घातलात तशी म्हातारी म्हणाली, "निवडल्यालाच हाय, बाई. सुनंनं सांगावा धाडलाता. ल्योक काय आणणार न्हाई, भ्यालंय त्ये. म्हटलं, मीच आणून घालतो."

सुनेनं. ओसरीवर पदर तोंडाला लावून रडणाऱ्या त्या बाईनं नवऱ्याला न सांगता निरोप धाडला होता. तुमचा सगळा संशय त्या माणसाभोवती फिरत होता, आणि दार उघडलं ते जिच्याकडे आपण कुणी धड पाहिलंही नव्हतं तिनं.

मुलगी पहिले दोन तास रडली नाही. मग तिनं तुमचा पदर ओढला आणि उजवी मूठ पुढे धरून मनगट पिळलं, पुन्हा पुन्हा. मला वाटलं तिला काहीतरी उघडून हवंय, डबा किंवा दार. तुम्हाला लगेच कळलं. फटफटीचा वेग वाढवायला मूठ पिळतात तसं ते होतं. तिच्या भाषेत त्याचा अर्थ होता, बाबा. तो येतो तेव्हा असं करत येतो, म्हणून तेच त्याचं नाव. शाळेत खुणा करायला बंदी होती, मुलांनी तोंडानंच बोलायचं असा तुमचा दंडक. पण तुम्ही तिच्यासमोर बसलात आणि स्वतःची मूठ तशीच पिळून तिला विचारलंत, बाबा? ती हसली.

दुसऱ्या दिवशी तो आला. फटफटीवर नाही, पायी. फाटकाच्या आत आला नाही, गजांना धरून उभा राहिला. रस्त्यावरून जाणारे त्याला ओळखत होते, नमस्कार करत होते, शाळेपुढे काय करताय विचारत होते. तुम्ही मुद्दाम कुणाला फाटक उघडू दिलं नाहीत. मग वर्गाच्या खिडकीतून तिनं त्याला पाहिलं. खिडकीच्या गजांतून तिचा हात बाहेर आला आणि मनगट पिळायला लागलं. त्याच्या शेजारी तेव्हा गुळाचे ते व्यापारी उभे होते, प्रदर्शनातले त्याचे मित्र. त्यांनी त्याला विचारलं, कोण हो ती? मी अंगणात होते, मला ऐकू आलं. तो म्हणाला, "माझी धाकटी." आणि त्यानं रस्त्यावर, सगळ्यांसमोर, हात वर करून आपली मूठ तशीच पिळली. फाटक तुम्ही स्वतः जाऊन उघडलंत.

त्याच आठवड्यात खोकी आत आली. थोरलीचं एक जमत आलेलं लग्न मोडलं, तेही सांगायला हवं. तिच्या आईनं त्याबद्दल आपल्याला कधी बोल लावला नाही, पण बरेच दिवस ती शाळेत आली की तुमच्याकडे बघायची नाही. पुढे निपाणीकडचं चांगलं स्थळ मिळालं आणि धाकटी करवली म्हणून मिरवली. आता ती उद्यमनगरात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, हाताखाली दोन बायका आहेत, आणि गिऱ्हाईकाशी तोंडानं घासाघीस करते. तिचं बोलणं सगळ्यांना कळतं असं नाही, पण ती बोलायची थांबत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेतच शिकत होती, आणि तिला ते कसं सांगायचं ह्यावर आम्ही शिक्षिका भांडत बसलो होतो. शेवटी तिनंच आमच्या तोंडाकडे बघून ओळखलं.

आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. प्रदर्शनं अजून होतात, नवे लोक आलेत, गाड्या त्याच. मीही हल्ली पोत्यात हात घालते. देणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघते, तो कुठे बघतोय ते बघते. तरुण शिक्षिका माझ्यावर चिडतात, ते मला दिसतं. पण तुम्हाला जे दिसायचं ते मला दिसत नाही, बाई. मला फक्त संशय येतो. तो आल्यावर पुढे काय करायचं, ते कळत नाही.

त्या मुलीबद्दल लोक कधीकधी मला विचारतात, ती शाळेत कशी आली. मी सांगते, आमच्या बाईंनी आणली. हे सांगताना माझा आवाज असा येतो, जणू मीही तेव्हा तुमच्या बाजूनं होते. लिहून मोकळं व्हावं म्हणून आज बसले, कुणाला दाखवणार नाही. खरं एवढंच, की तुमच्या जागी मी असते तर खोकी आली त्याच संध्याकाळी आत घेतली असती, त्या माणसाचे आभार मानले असते, आणि आजऱ्याचं नाव पुन्हा काढलं नसतं.